चार कोपऱ्यांचं पाणी

मंगळवारी सकाळी भावाने गाडीचं दार उघडलं, बूट काढला आणि मोजा घातलेला पाय स्टिअरिंगखालच्या गालिच्यावर ठेवला. पाय दाबला तसा गालिचा पचकन वाजला. भावाने पाय वर घेतला, मोजा काढला आणि बहिणीसमोर पिळून दाखवला. फरशीवर पाच-सहा थेंब पडले.

"झालं समाधान?" त्याने विचारलं.

"मोजा वाळत घाल," ताई म्हणाली. "समाधानाचं नंतर बघू."

भाऊ विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायचा. कोणी म्हणालं घर जळालं, तर तो आधी राख चिमटीत धरून बघणार. घरातही त्याचं हेच चालायचं. गाडी ओली आहे हे नुसतं ऐकून त्याने दोन वर्षांत दारांची रबरं दोनदा बदलली होती, पुढच्या काचेचं रबर एकदा. आता त्याने पुरावा गोळा केला होता आणि निकालही लावला होता.

"शनिवारी अकराला दलाल येतोय," तो म्हणाला. "बघेल आणि घेऊन जाईल. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तूही ऐकलंस. ओलीत बसणं बंद. अण्णांची छाती पुढचा खोकला सोसणार नाही."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील, वय वर्षं शहाऐंशी. रस्तेबांधणीच्या खात्यात सर्वेक्षक होते. नोकरीची निम्मी वर्षं त्यांनी याच गाडीत काढली होती. हिच्यातच जेवले, हिच्यातच झोपले आणि हिच्याच बॉनेटवर नकाशे पसरून अधिकाऱ्यांशी भांडले. आता गाडी अंगणाबाहेर जात नसे, पण रोज दुपारी चारला अण्णा काठी टेकत यायचे, स्टिअरिंगमागे बसायचे आणि पाचपर्यंत तिथेच असायचे. काच खाली, हात दारावर. त्या तासात त्यांना कोणी हाक मारत नसे. पाचला ते उतरायचे आणि मग रात्री झोपेपर्यंत माणसात असायचे. पंधरा दिवसांपूर्वी भावाने तो तास बंद केला. तेव्हापासून अण्णा चारला खुर्ची घेऊन ओसरीत बसत, गाडीकडे बघत, आणि जेवताना मीठ मागण्यापलीकडे बोलत नसत.

"शनिवारपर्यंत कोरडी करून दिली तर?" ताईने विचारलं.

"तू?"

"नाही, शेजारचं मांजर."

भावाने मोजा खांद्यावर टाकला. "ठीक. शनिवारी अकराला आत चारी बाजूंनी वर्तमानपत्रं अंथरायची. छतावर दोन बादल्या पाणी ओतायचं. कागद ओला झाला, तर किल्ली दलालाच्या हातात. मधे बोलायचं नाही."

"आणि कोरडा राहिला तर?"

"तर तू जिंकलीस. पण राहणार नाही."

ताई जिंकायला आलेली नव्हतीच. ती काम करायला आली होती. जिंकणं त्यातच आलं, असं तिचं मत होतं. शहराच्या पाणीपुरवठ्यात तिने एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली, त्यातली शेवटची नऊ फोरमन म्हणून. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी दोन गल्ल्या सोडून असलेल्या घरातून ती रोज हत्यारांची पिशवी घेऊनच माहेरी यायची. खात्यात एक रीत होती. जोड बसवला की पुट्टी किंवा रंग ओला असतानाच ज्याने त्याने बाजूला आपली खूण करायची. कोणी वर्तुळ काढायचं, कोणी फुली. ताईची खूण म्हणजे खिळ्याने ओढलेल्या तीन उभ्या रेघा. पुढे कधी जोड गळला, की खूण बघून त्याच माणसाला खड्ड्यात उतरवायचे, आणि काम पुरं होईपर्यंत त्याला चहा नाही. एकतीस वर्षांत ताई स्वतःच्या जोडासाठी दोनदाच खड्ड्यात उतरली होती. दोन्ही तारखा तिला पाठ होत्या.

माहेरच्या घरात त्या तीन रेघा जागोजागी होत्या: मोरीतल्या नळावर, गच्चीवरच्या टाकीच्या बुडाला, भावजयीच्या वॉशिंग मशीनमागे. भावजय म्हणायची, "घर माझं आहे हे कुठे लिहिलेलं नाही. ताईंचं आहे हे मात्र पाइपा-पाइपावर लिहिलंय."

दुपारपर्यंत ताईने गालिचा उचकटून कुंपणाच्या भिंतीवर टाकला आणि गळती कुठली ते शोधलं. गाडीच्या छताला सरकती काच होती. तिच्याभोवती काचेखाली पत्र्याची बारीक पन्हळ फिरत होती. काचेच्या फटीतून पाणी आत येणारच, हे गाडी बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. म्हणून पन्हळीच्या चारही कोपऱ्यांना तोट्या होत्या, आणि तोट्यांना लावलेल्या रबरी नळ्या दारांमागच्या पोकळ खांबांतून खाली चाकांपाशी जात होत्या. ताईने पुढच्या डाव्या खांबाचं आवरण काढलं आणि नळीला बोट लावलं. नळी बिस्किटासारखी तुटली. दुसरीकडे लावलं, तिथेही तुटली. चारही नळ्यांची तीच गत.

"चव्वेचाळीस वर्षांच्या आहेत बिचाऱ्या," ओसरीतून अण्णा म्हणाले. पंधरा दिवसांत मिठाव्यतिरिक्त ते पहिल्यांदाच काही बोलले.

ताईने जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, नळ्या बनणं बंद झालंय. कोणाच्या गोदामात सापडल्या तर तीन महिन्यांत कळवतो, पण त्याही तेवढ्याच जुन्या असतील.

"म्हणजे न वापरता सडलेल्या," ताई म्हणाली.

"पण अस्सल," तो म्हणाला.

ताईने फोन ठेवला.

बुधवारी दहाला ती हार्डवेअरच्या दुकानात हजर झाली. एका हातात तुटक्या नळीचा वीतभर तुकडा, दुसऱ्या हातात आठ मिलिमीटरचा ड्रिलबिट. दुकानदार तिच्या जुन्या ओळखीचा. पाणीपुरवठ्याच्या आवारात मधली भिंत ओलांडली की सांडपाणी विभाग लागायचा. तिथे त्याने सव्वीस वर्षं मॅनहोलची झाकणं उचलली आणि मग हे दुकान टाकलं. दोन्ही खात्यांचं कधी पटलं नाही. पुरवठ्याची माणसं स्वतःला स्वच्छ समजत आणि ड्रेनेजची माणसं स्वतःला शहाणी. तो तिला नळबाई म्हणायचा, ती त्याला गटारशेठ.

"या नळबाई! आज कुणाचा नळ गळतोय?"

"नळ नाही. गाडी गळतेय." तिने तुकडा काउंटरवर ठेवला. "आतून आठ हवी. बाहेरून चौदाच्या वर एक केसही नको, नाहीतर भोकातून जाणार नाही. दीड मीटरच्या दोन, दोन मीटरच्या दोन, शिवाय थोडी जास्त. आठ मीटर दे."

गटारशेठने तुकडा नाकाशी नेला. सवयच होती. "रबर मेलंय."

"तेराव्याला येशील. आधी नळी दाखव."

त्याने पहिल्यांदा गवंड्यांची लेव्हलची नळी काढली, ती पातळ पारदर्शक असते ती. ताईने ड्रिलबिटचा दांडा आत सारला. माप बरोबर बसलं. मग तिने नळी अंगठ्याभोवती गुंडाळली. पहिल्याच वळणाला नळी चपटी होऊन मोडली.

"खांबात वर एक वळण आहे, माझ्या अंगठ्याएवढंच," ती म्हणाली. "तिथे ही मान टाकणार."

"गॅसची घ्या. मान टाकत नाही."

"वळतही नाही. ती काय खांबात उभी करून ठेवू, पाहुण्यासारखी?"

माशांच्या टाकीची हवेची नळी बारीक निघाली, बागेची जाड. वॉशिंग मशीनची घड्यांची नळी त्याने उत्साहाने काढली, पण ताईने हातही लावला नाही. घड्याघड्यात कचरा अडकणार आणि वर्षभरात तुंबणार, हे गटारशेठलाही ठाऊक होतं. तो म्हणाला, "तुमची परीक्षा घेत होतो." तोवर काउंटरवर नळ्यांचा एवढा गुंता झाला होता की मागचं गिऱ्हाईक फक्त दोन कड्या मागायला आलं होतं, ते नाद सोडून निघून गेलं.

शेवटी गटारशेठ शिडीवर चढला आणि वरच्या फळीवरून एक गुंडाळी खाली टाकली. जाड पारदर्शक नळी, भिंतीत पांढऱ्या दोऱ्याची जाळी विणलेली. ताईने ड्रिलबिट सारला. आठ. बाहेरून माप घेतलं. पावणेचौदा. अंगठ्याभोवती गुंडाळली. नळी वळली, चपटी झाली नाही. तिने एक टोक तोंडात धरून फुंकर मारली, दुसऱ्या टोकाची हवा तळहातावर आली.

"किती वर्षं टिकेल?"

"उन्हात पाच-सहा. खांबाच्या आत असेल तर दहा धरा."

"अण्णा म्हणतील, तेवढी पुरे."

गटारशेठ हसला आणि कात्रीने नळी कापू लागला. कापता कापता त्याने विचारलं, "खाली पाणी कुठे सोडताय?"

"खालीच. चाकांपाशी."

"खालची तोंडं मोकळी आहेत का, बघितलंत?"

"अरे, गळती वर आहे. नळ्या वर तुटल्यात. खालची वीतभर नळी शाबूत आहे, तिला पितळी निपलने जोड देणार. ती निपलंही दे, चार."

"आम्ही कुठल्याही कामाला आधी खालचं झाकण उघडतो."

"म्हणूनच तुमच्याशेजारी कोणी जेवायला बसत नसे."

"बसत नसे," गटारशेठने मान्य केलं. "पण तुमचं सगळं पाणी शेवटी आमच्याकडेच यायचं, नळबाई. हे काही तुम्हाला कधी कबूल करता आलं नाही."

गुरुवार आवरणं काढण्यात आणि ओढकाम करण्यात गेला. स्कूटरची जुनी क्लच केबल खांबातून खाली सोडायची, तिला सुतळी बांधायची, सुतळीला नळी, आणि वरून एकाने सारत खालून दुसऱ्याने ओढायची. दुसरं माणूस नव्हतं, म्हणून ताई स्वतःच वर-खाली करत राहिली. एकसष्टाव्या वर्षी गाडीत अठ्ठावीस वेळा चढणं-उतरणं झालं. अण्णांनी ओसरीतून मोजलं आणि संध्याकाळी आकडा सांगितला.

"नुसतं मोजण्यापेक्षा सुतळी धरली असतीत तर चौदा वेळा झालं असतं," ताई म्हणाली.

"मला गाडीत बसायला बंदी आहे," अण्णा म्हणाले. "सुतळी धरायला आहे की नाही ते विचारून सांग."

शुक्रवारी सकाळी अकराला चारही नळ्या जागेवर होत्या. वर तोट्यांवर चढवून पट्ट्यांनी आवळलेल्या, खाली पितळी निपलने जुन्या शाबूत तुकड्यांना जोडलेल्या. आवरणं मुद्दाम उघडी ठेवली होती. ताईने तांब्या भरला आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यात पन्हळीत ओतला. मग चटकन आत बसून निपलाखाली कोरडा कागद धरला. कागद कोरडा. वरच्या पट्टीखाली धरला. कोरडा. नळीत पाणी दिसत होतं, स्वच्छ, एकही बुडबुडा नाही. असा जोड खात्यात दाखवायला ठेवला असता.

"एक थेंब नाही!" ती ओरडली.

"कुठे?" अण्णांनी विचारलं.

"कुठेच नाही!"

अण्णा काठीवर हनुवटी टेकून गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघत होते. "मग पाणी गेलं कुठे?"

ताईने दुसरा तांब्या ओतला. यावेळी ती आत बसली नाही, बाहेर उभी राहून नळीकडे बघत राहिली. नळीतलं पाणी चढलं. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आलं आणि थांबलं, गवंड्याच्या लेव्हलमध्ये थांबतं तसं, अगदी स्थिर. तिसऱ्या तांब्याला पन्हळ भरली, काठावरून वळली आणि सगळं पाणी चालकाशेजारच्या सीटवर आलं.

एकतीस वर्षं ती दाबाच्या पाण्यात काम करत होती. त्या पाण्याचा धर्म एकच, ते नळीत राहिलं पाहिजे. नळीतलं पाणी बाहेर दिसलं की चूक, आत राहिलं की शाबासकी. इथे पाणी आत राहिलं होतं आणि तिने आनंदाने आरोळी ठोकली होती. या नळीचं काम पाणी धरणं नव्हतंच, सोडणं होतं. गटारशेठने बुधवारी नेमकं हेच विचारलं होतं, आणि तिने त्याच्या जेवणाची चेष्टा केली होती.

तिने पुठ्ठा अंथरला, विजेरी दातांत धरली आणि गाडीखाली सरकली.

पुढच्या डाव्या चाकामागे नळी बाहेर पडायचं भोक होतं. ते होतं, पण दिसत नव्हतं. त्यावर राखाडी पुट्टी बसली होती. दोन कांड्या मळून लावतात ती, दगडासारखी घट्ट झालेली. कडा अंगठ्याने नीट बसवलेल्या. कुठे खाच नाही, कुठे फट नाही. चोख काम. आणि पुट्टीच्या मधोमध खिळ्याने ओढलेल्या तीन उभ्या रेघा.

ताईने विजेरी दातांतून काढली.

दोन वर्षांपूर्वी भावजयीने अंगणात फिकट फरश्या बसवून घेतल्या होत्या. पहिल्या जोराच्या सरीनंतर गाडीखाली चार ठिकाणी गंजाचे तपकिरी डाग पडले. भावजय म्हणाली होती, "ताई, ही गाडी गळतेय हो." गळतेय, एवढंच ताईने ऐकलं. पिशवी हाताशीच होती. दहा मिनिटांत तिने चारही ठिकाणी पुट्टी लावली, खूण ओढली, हात धुतले आणि त्याच फेरीत मोरीचा नळही दुरुस्त करून टाकला. डाग बंद झाले. त्याच पावसात गालिचा पहिल्यांदा ओला झाला. या दोन गोष्टींचा संबंध तेव्हा कोणी लावला नाही. ताईनेही नाही, कारण तिच्या दृष्टीने गळती बंद झाली होती. पाणी दोन वर्षं नळ्यांत तुंबून राहिलं आणि म्हाताऱ्या रबराची उरलीसुरली ताकदही गेली.

छिन्नीचा एक ठोका बसला तशी पुट्टीची चकती अख्खी निघून तिच्या तळहातावर पडली. पाठोपाठ मागच्या दोन वर्षांचं काळं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं. तिने उरलेल्या तीनही भोकांच्या पुट्ट्या काढल्या. प्रत्येकीवर तीन रेघा.

गाडीखालून बाहेर आली तेव्हा अण्णांचे डोळे मिटलेले होते. भाऊ कामावर, भावजय बाजारात. चारही चकत्या पिशवीत टाकल्या असत्या तर कोणाला काही कळलं नसतं. नळ्या बदलल्या, गाडी कोरडी झाली, ताई शहाणी, हिशेब पुरा. पिशवीचं तोंड उघडंच होतं.

ताईने चकत्या धुतल्या आणि बॉनेटवर एका रांगेत मांडल्या, रेघा वर करून. मग ती दुकानात गेली.

गटारशेठने तिचा कोपरापर्यंत काळा झालेला हात बघितला. त्याने भुवया वर केल्या.

"खुर्चीच्या पायांना लावायच्या रबरी टोप्या हव्यात," ताई म्हणाली. "चार. भोकात बसवायच्या, मधे छेद पाडून नळी त्यातून सरळ बाहेर काढायची. मधला जोडच नको. नळी अखंड नेते."

"म्हणजे खालची तोंडं..."

"बंद होती."

"कोणी केली होती?"

"पाणीपुरवठ्याने."

गटारशेठने टोप्या काउंटरवर ठेवल्या. एवढं सुख त्याला सव्वीस वर्षांत मिळालं नव्हतं, पण त्याने ते बेताने घेतलं. "नळबाई," तो म्हणाला, "चहा मागवू?"

"नको. काम पुरं होईपर्यंत नाही."

त्याला खात्याची रीत ठाऊक होती. त्याने पुन्हा विचारलं नाही.

सहाला भाऊ आला. बॉनेटवरच्या चकत्या बघून थबकला. एक उचलली, उजेडाकडे धरली, नखाने रेघा चाचपल्या. ताई गाडीखाली होती, फक्त पाय बाहेर.

"ताई, हे काय?"

"पुरावा."

"कशाचा?"

"गाडी का ओली व्हायची त्याचा. भोकं बुजवली होती. पाणी बाहेर जायलाच वाट नव्हती."

"आणि या रेघा..."

"वाचता येतात ना?"

भाऊ गाडीपाशी वाकला. "म्हणजे दोन वर्षं मी दारांच्या रबरांना शिव्या घालतोय!"

"माफी माग त्यांची."

"काचवाल्याशी भांडलो मी! तो बिचारा शपथा घेत होता!"

"त्याचीही माग. आणि ती पक्कड इकडे सरकव."

पक्कड सरकवताना भाऊ हसायला लागला, आणि हसता हसता फरशीवरच बसला. ओसरीतून अण्णांचा आवाज आला. ते जागेच होते.

"मी बघितलं होतं तिला पुट्टी लावताना," ते म्हणाले. "नळ्यांची तोंडं ती, मला ठाऊक होतं. पण म्हटलं, ताई करतेय म्हणजे काही विचार करूनच करत असेल."

पावणेतीन तास ती खाली होती, तेवढ्यात हे एकच वाक्य तिला लागलं. "पुढच्या वेळी विचारा," ती खालून म्हणाली.

"पुढच्या वेळी मी शहाण्णव वर्षांचा असेन."

"तरी विचारा."

सात वाजता तिने हात धुतले आणि चहा मागितला. भावाने कप देताना सांगून टाकलं, दलालाला नको म्हणून फोन करणार नाही. परीक्षा ठरल्याप्रमाणे होईल. "पुरावा कशाचा होता ते कळलं. गाडी कोरडी आहे याचा अजून मिळालेला नाही." ताईला तो या बाबतीत आवडायचा.

शनिवारी अकराला पाच कमी असताना दलाल आला. टापटीप माणूस, हातात चामडी पाकीट, पायात पांढरे बूट. गाडीत वर्तमानपत्रं अंथरलेली, भाऊ बादली घेऊन स्टुलावर, अण्णा ओसरीत आणि भावजय खिडकीत, असा देखावा बघून तो फाटकाशीच थांबला.

"काही कार्यक्रम आहे का?"

"चाचणी आहे," भाऊ म्हणाला आणि पहिली बादली छतावर रिकामी केली.

पाणी काचेवरून घरंगळलं, फटीत शिरलं आणि दिसेनासं झालं. एक, दोन, तीन श्वास. मग पुढच्या डाव्या चाकामागून पाण्याची धार सुरू झाली. मग उजव्या. मग मागच्या दोन्ही. चार कोपऱ्यांना चार धारा, फरशीवर पडून एकमेकींकडे वळणाऱ्या. दुसरी बादली गेली. भावाने न सांगता तिसरीही भरून आणली आणि ओतली. चामडी पाकिटावर शिंतोडे उडाले, तसा दलाल दोन पावलं मागे सरकला.

भावाने दार उघडलं आणि वाकून कागद तपासायला सुरुवात केली. मधे बोलायचं नाही, असं ठरलं होतं, म्हणून ताई बोलली नाही. पुढचा डावा कागद कोरडा. उजवा कोरडा. मागचा उजवा कोरडा. मागच्या डाव्या कागदावर बोटभर ओला डाग.

भाऊ डागाकडे बघत राहिला. भावाने खांबाला हात लावला, नळीला लावला, सीटखाली घातला. सगळं कोरडं. मग त्याने स्वतःची बाही बघितली. कोपरापासून पाणी ठिबकत होतं. त्याने हात बाहेर घेतला, कागद बदलला आणि दोन मिनिटं घड्याळाकडे बघत उभा राहिला. नवा कागद कोरडा राहिला.

"माझ्या बाहीचं होतं," त्याने जाहीर केलं, जणू दुसऱ्या कोणाच्या तरी विरुद्ध अहवाल देत होता. "गाडी कोरडी आहे."

दलाल पुढे आला, वाकला, आत डोकावला, तळाच्या पत्र्यावर बोटांनी वाजवून बघितलं. "हे तर फारच छान झालं," तो म्हणाला. "कोरडी गाडी म्हटल्यावर मी आधीपेक्षा वर जाऊ शकतो. आत्ता नेतो."

भावाने ओसरीकडे बघितलं. अण्णा त्याच्याकडे बघत नव्हते. ते गाडीखालच्या चार धारांकडे बघत होते, आणि त्यांचा हात काठीवर वाजत होता.

"दोन दिवस आधी आला असतात तर मिळाली असती," भाऊ दलालाला म्हणाला. "आता हिच्यात माणूस राहतो."

दुपारी चारला अण्णा उठले. गालिचा आता ओसरीतल्या दोरीवर होता, पुरता वाळायला आणखी आठवडा जाणार होता. ताईने पायाखाली त्याच दिवसाचं कोरडं वर्तमानपत्र पसरलं. अण्णा बसले, काच खाली केली, हात दारावर ठेवला. ताईने दार लावलं आणि बाजूला झाली.

थोड्या वेळाने पावसाची सर आली. ताई ओसरीत अण्णांच्या खुर्चीवर बसली होती. गाडीच्या चारही कोपऱ्यांखाली पाणी टपकू लागलं. नव्या टोप्यांवर तिने आदल्या संध्याकाळी तीन-तीन रेघा ओढल्या होत्या, त्यांच्यावरून थेंब सरकत होते. जुन्या पत्र्यातून गंज घेऊन पाणी भावजयीच्या फिकट फरश्यांवर उतरत होतं आणि तिथे चार तपकिरी डाग जमत चालले होते.

खिडकीतून भावजय म्हणाली, "ताई, गाडी गळतेय हो."

ताईचा हात आपसूक पिशवीकडे गेला. पिशवीत पुट्टीच्या दोन कांड्या होत्या, नेहमी असतात. तिने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"गळू दे," ती म्हणाली.

आत अण्णांनी काच वर करून स्टिअरिंग धरलं होतं. पाच वाजायला अजून पस्तीस मिनिटं होती.